अंजनाच्या झाडावरचा कॅमेरा

धुळ्याहून सकाळच्या गाडीने चाळीसगावला उतरलो, स्टॅण्डवर चहा घेतला आणि रिक्षाने डोंगराच्या पायथ्याशी गेलो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता. पावसाळ्यात वाट वाहून गेल्यामुळे चार महिने इकडे येणं झालं नव्हतं. बिबट्यांच्या नोंदीसाठी जंगलात झाडाला बांधलेले आमचे कॅमेरे समोरून काही हललं की आपोआप फोटो काढतात. त्यांची देखभाल माझ्याकडे आहे.

वाटेवरच्या शेवटच्या घरी मी नेहमी थांबतो. घर नानांचं. शेळ्या चारता चारता बिबट्याची पायवाट त्यांनीच मला दाखवली होती. या वेळी ओट्यावर त्यांच्या बायको, अक्का, एकट्याच बसल्या होत्या. आत भिंतीवर नानांचा फोटो होता, त्याला हार घातलेला.

"दिवाळीना आगोदर ताप उना," अक्का म्हणाल्या. (दिवाळीच्या आधी ताप आला.)

मी उठायला लागलो तर त्यांनी विचारलं, "भाऊ, तुन्हा कॅमेरामा त्या बी दखातस का?" (तुझ्या कॅमेऱ्यात तेही दिसतात का?)

आधारकार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. "त्यामा त्या नही शेतस," अक्का म्हणाल्या. "दुसराच कोनी वाटस." (त्यात ते नाहीत, दुसराच कोणी वाटतो.)

माणसांचे फोटो न बघता पुसून टाकायचे, असा आमचा नियम आहे. तरी मी हो, दिसले तर दाखवतो म्हणालो.

वर अंजनाच्या झाडाला कॅमेरा होता. खोड वाढल्याने पट्टा सालीत रुतला होता, तो सैल केला. झाकण उघडलं तर रबराच्या कडेला मुंग्यांची पांढरी अंडी, आणि एक सेल फुटून हिरवी भुकटी सांडलेली. आता यात काय उरलं असेल, असं वाटलं. ब्रशने सगळं झाडलं, काच मऊ फडक्याने पुसली, नवे सेल घातले, समोरचं वाढलेलं गवत कापलं. मग कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून फोनला जोडलं. फोटो शाबूत होते.

खाली आलो तेव्हा अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढून ठेवला होता. जेवण तसंच राहिलं. आम्ही ओट्यावर फोन घेऊन बसलो. साळिंदर गेलं, रानडुकरं गेली, मग शेळ्या आल्या. शेळ्यांमागे धोतर आणि दोन पाय. कॅमेरा बिबट्यासाठी गुडघ्याच्या उंचीवर बांधलेला, त्यामुळे माणूस तेवढाच दिसतो.

"त्यासनाच पाय शेतस," अक्का म्हणाल्या. "डावा पाय वाकडा पडस." (त्यांचेच पाय आहेत. डावा पाय वाकडा पडतो.)

फोटोमागून फोटो, फक्त पाय. तोंड नाहीच, हे कसं सांगावं याचा विचार करत मी बोट फिरवत होतो. तेवढ्यात एका फोटोत नाना वाटेवर खाली बसलेले दिसले. डावं पाऊल मांडीवर घेऊन ते तळव्यातला काटा काढत होते. टोपी मागे सरकलेली, कपाळाला आठ्या, ओठ दातांत धरलेला. चेहरा अगदी स्पष्ट होता.

अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "काटा निंघना का?" (काटा निघाला का?)

मी पुढचा फोटो लावला. त्यात नुसत्या शेळ्या होत्या.

"निघाला असेल, अक्का."

त्यांनी मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला.

चाळीसगावच्या स्टुडिओत त्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली. "मान खाली आहे, दुसरा नाही का?" स्टुडिओवाल्याने विचारलं. हाच हवा, म्हणालो. मला आणलेला रिक्षावाला परत अक्कांच्या गावाला निघाला होता, त्याच्या हाती पाकीट दिलं आणि धुळ्याची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नियमाप्रमाणे कार्डावरचे माणसांचे फोटो पुसायला बसलो. एरवी हे काम मी रेडिओ ऐकत उरकतो. त्या दिवशी नानांच्या पायांचा एकेक फोटो समोर यायचा, मी थोडा थांबायचो आणि पुसायचो. शेवटी त्या वाटेवर फक्त जनावरं उरली.