आमच्या आळीतला गतिरोधक कोणी फोडला

आमच्या आळीच्या तोंडाशी एक पाटी आहे. वर 'गतिरोधक' असं लिहिलंय आणि खाली 'यांच्या विशेष प्रयत्नाने' म्हणून एका माणसाचं नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही. मंचरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांना त्याच्याशी काही घेणं नाही. पण पाटी खोटी आहे. त्या माणसाने हा गतिरोधक बांधला नाही. त्याने तो फोडवला होता. कोणाकडून, तेही सांगतो: माझ्याकडून. पहार मी मारली. माझं पाप मी लपवणार नाही, पण त्याचं पुण्य म्हणून जे पाटीवर रंगवलंय तेही राहू देणार नाही.

आमची आळी अरुंद. समोरासमोरच्या घरांच्या पायऱ्या थेट रस्त्यात उतरतात. नव्वदच्या दशकात हायवेवर गाड्या तुंबायला लागल्या आणि कांदा-बटाट्याच्या पिकअपवाल्यांना शोध लागला, की या आळीतून घुसलं तर बाजार समितीच्या मागच्या फाटकाशी निघता येतं. लिलाव गाठायची घाई. मग काय, सकाळी दार उघडायचं ते आधी कान देऊन, आवाज नाही ना, आणि मगच पाय बाहेर टाकायचा.

फक्त उन्हाळ्यात सुख असायचं. त्याचं कारण पोलीस नव्हते, कुरडया होत्या. बाया बाजा बाहेर टाकायच्या, वर धोतर पसरायच्या आणि कुरडया घालायच्या. दोन्ही बाजूंनी बाजा आल्या, की मधून गाडी न्यायला ड्रायव्हरला मुंगीच्या पावलानं जावं लागे. एखाद्याने हॉर्न वाजवला, तर समोरच्या घरातली वहिनी चिकाचा हात तसाच पुढे करून म्हणायची, "ये रं बाबा, चीक खाऊन जा. पण बाजंला धक्का लागला तर तुझ्या आईला बोलावून घालाया लावीन पुन्ना."

ही वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ लवकर गेला. ती माहेरची घाटघरची, नाणेघाटाकडची. उतार-चढावाची माणसं ती, पायाला घट्ट आणि तोंडाला त्याहून.

कुरडया संपल्या, बाजा आत गेल्या, की गाड्या पुन्हा सुसाट. एका वर्षी बाजा उचलताना तीच मला म्हणाली, "भावजी, बारा महिने कुरडया काय घालता येत न्हाईत. एक पक्की बाज टाका की रस्त्यात. सिमिटाची."

मी डिंभ्याच्या कालव्यावर मुकादम होतो. सिमेंट कालवणं माझ्या हातातलं काम. ग्रामपंचायतीला विचारलं, ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही, म्हणून आळीने वर्गणी काढली आणि आम्ही वहिनीच्या पायरीच्या थोडं अलीकडे गतिरोधक बांधला. सगळी आळी त्याला 'पक्की बाज' म्हणायची. काही वर्षं बरी गेली.

आता त्या माणसाकडे येतो. त्याचं घर आणि गोठा आळीच्या पार शेवटाला. कांद्याचा धंदा, तीन-चार पिकअप, आणि बैलगाडा. आमच्या जुन्नर-आंबेगावात ज्याचा गाडा यात्रेत पहिला येतो, त्याला वर्षभर कोणी 'का' विचारत नाही. मीही शौकीन. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पंच म्हणून बसायचो, शर्यतीचे बैल नुसत्या शिंगांवरून ओळखायचो. म्हणून तो मला मानायचा. निदान मला तसं वाटायचं.

यात्रेच्या आदल्या दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"अण्णा, बैल टेंपोत घालून न्यायचेत घाटाला. तुमची ती बाज लई उंच हाय. हौद्यात उभ्या जनावराला हादरा बसला, गुडघा दुखावला, तर पळंल काय त्ये?"

मी म्हटलं, "हळू काढा की गाडी."

"कितीबी हळू काढली तरी हादरा तो हादराच. तुमी शौकीन माणूस, तुमाला काय सांगायचं राव! यात्रा झाली की दुसऱ्या दिशी सोता सिमिट आणून टाकतो."

बैलाचा गुडघा! मला ते पटलं. आळीतल्या कोणाला विचारलं नाही. वहिनी तेव्हा माहेरी घाटघरला गेली होती. मी पहार आणली, त्याचे दोन गडी आले, आणि जो गतिरोधक मी बांधला होता तो मीच उकरून रस्त्याला सपाट केला. दुसऱ्या दिवशी त्याचा गाडा दुसरा आला. मी घाटावरून त्याच्यासाठी ओरडलो.

सिमेंट आलं नाही. एकदा विचारलं, "आणतो." पुन्हा विचारलं, "घाई काय अण्णा, काय गाव बुडतंय का?" त्याच्या पिकअपना सपाट रस्ता गोड लागला होता. मला स्वतः गोणी आणता आली असती. त्याला राग येईल म्हणून आणली नाही. बस, एवढंच कारण.

माहेराहून वहिनी आली, पिशवी पायरीवर ठेवली आणि मला म्हणाली, "भावजी, आमची बाज कुणी नेली?"

मी म्हटलं, "फुटली."

तिने पिशवी उचलली आणि आत गेली.

कांद्याचा हंगाम होता. सकाळी ती सडा टाकायला बादली घेऊन पायरी उतरली आणि पिकअप आली. पिकअप त्याची, ड्रायव्हर त्याचा. लिलावाला उशीर झाला होता. वहिनीचा खुबा मोडला. बादली आमच्या दारापर्यंत घरंगळत आली. ती बादली मी उचलून सरळ ठेवली, हे मला आठवतं. तिच्याकडे धावायच्या आधी मी बादली सरळ ठेवली.

तो दवाखान्यात आला, शहाळी घेऊन. तिच्या उशाशी उभा राहून म्हणाला, "देवाची मर्जी, काकू." मग मला बाहेर जिन्याशी घेऊन गेला.

"हवालदार इचारील तुमाला, तितं गतिरोधक व्हता का. न्हवता म्हणायचं. खोटं थोडंच हाय?"

हवालदाराने विचारलं. मी म्हटलं, "नव्हता." का नव्हता, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. प्रकरण ड्रायव्हरवर निभावलं. मालक पुढच्या आठवड्यात नवा बैल बघायला नारायणगावला गेला.

वहिनी घरी आली ती काठी घेऊन. घाटघरची चढण लहानपणी अनवाणी चढलेली बाई आपल्याच दोन पायऱ्या बसून उतरायला लागली. समोरच्या खिडकीतून मी ते रोज पाहायचो. शेवटी एक दिवस तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं, पहारीपासून जबाबापर्यंत. डोळे पुसायला लागलो तर ती म्हणाली, "मला ठावं हाय. आळीत पहार वाजली, ती काय कुणाला ऐकू गेली न्हाई व्हय? तुमी कवा सांगताय, तेवढंच बघत व्हते."

मी म्हटलं, "वहिनी, मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

"तुमाला शिक्षा दिऊन माझा पाय सरळ होतो का? रडू नका. यात्रा कवा हाय, त्ये सांगा."

आयुष्यात मी बरीच कामं केली, पण त्या यात्रेच्या तयारीइतकं मन लावून एकही केलं नाही. बाजा मागत घरोघर फिरलो. प्रत्येकाला सांगितलं की गतिरोधक मी फोडला आणि कोणासाठी फोडला. काहींनी तोंडावर शिव्या दिल्या, त्या घेतल्या. एक म्हातारा म्हणाला, "बैलाच्या गुडघ्यासाटी? आरं, मग तुजाच गुडघा फोडायचा व्हता." तरीसुद्धा त्याने बाज दिली. सगळ्यांनी दिल्या.

त्या वर्षी त्याचा गाडा पहिला आला. संध्याकाळी हलगी, गुलाल, पुढे उघडी जीप, जीपवर फेटा बांधून तो, मागे टेंपोत बैल. मिरवणूक आळीच्या तोंडाशी आली आणि थांबली. या पायरीपासून त्या पायरीपर्यंत बाजाच बाजा, एकीला एक लावून. पहिल्या बाजेवर वहिनी बसली होती, मोडलेला पाय लांब करून. मी तिच्या शेजारी उभा.

तो जीपवरूनच हसत म्हणाला, "काकू, बाजा काढा. मिरवणूक हाय."

"कुरडया वाळत्यात."

"कुटं हायेत कुरडया?"

"दिसंनात व्हय? ऱ्हाऊ दे. तुझ्या डायवरला बी मी दिसले न्हवते."

हलगी थांबली. कोणीतरी हसलं आणि मग हसू सगळीकडे पसरलं. त्याच्याच माणसांतले दोघे हसताना मी पाहिले. तो माझ्याकडे वळला. "अण्णा, तुमी तरी सांगा."

मी मोठ्याने, मागच्या टेंपोपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, की या जागी गतिरोधक होता, तो याच्या बैलांना हादरा बसू नये म्हणून मी फोडला, आणि यानेच मला 'नव्हता' म्हणायला लावलं. बोलताना मजा आली. खोटं कशाला सांगू? त्याच्या कपाळावरचा गुलाल घामाने खाली ओघळत होता, ते बघायला मला फार बरं वाटलं.

वहिनी म्हणाली, "जायाचं तर उतरून जा. कडंनं वाट ठिवलीया माणसाला आन जनावराला."

तो उतरला. दुसरं करणार काय? टेंपोची फळी पाडली, बैल खाली आले आणि कडेच्या वाटेनं एकामागून एक, शांतपणे, शेपट्या हलवत घरी चालत गेले. एकाने जाताजाता बाजेवरचं धोतर हुंगलं.

तिथं उभं राहून मला पहिल्यांदा कळलं. बैलाला चार पाय असतात. यात्रेच्या दिवशी बैल आळीच्या तोंडापर्यंत चालवत न्यायचे आणि तिथे टेंपोत चढवायचे, एवढंच करायचं होतं. पन्नास वर्षं बैल बघितलेला मी, माझ्या डोक्यात ते आलं नाही. त्याच्या आलं असेल. त्याला गतिरोधकच नको होता, आणि बैलाचं नाव घेतलं की मी भुलतो हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या पैशाने सिमेंट आणून मी गतिरोधक पुन्हा बांधला. सूड म्हणून भिंतीसारखा उभा बांधला, त्याच्या प्रत्येक पिकअपचं पोट घासलं पाहिजे असा. संध्याकाळी वहिनीने मला हाक मारली. ती काठी घेऊन गतिरोधकाच्या अलीकडे उभी होती.

"भावजी, त्याच्यासाटी बांदलाय का माज्यासाटी? मला वलांडता येईना."

मग मी तो पुन्हा तासला, दोन्हीकडे उतार दिला, कडेला काठीपुरती सपाट वाट ठेवली, वर पांढरे पट्टे मारले. तोच आज आहे. पुढे तो माणूस ग्रामपंचायतीत निवडून आला आणि पाटी लागली. मी तक्रार केली, तर मला सांगण्यात आलं, "म्हाताऱ्या माणसानं कशाला वाद घालायचा?"

आता तोही म्हातारा झालाय. त्याच्या मणक्यात गॅप पडलाय, दवाखान्यात जाताना गाडीत कळ येते. मागच्या महिन्यात त्याचा मुलगा माझ्याकडे आला. मुलगा नम्र आहे, त्याचा दोष नाही. म्हणाला, "काका, गतिरोधक जरा कमी करता येईल का? बाबांना हादरा बसतो."

मी त्याला पाणी दिलं आणि समोर वहिनीकडे घेऊन गेलो. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "पावणं, तुमच्या वडलांना सांगा, चालत या. बैलं आली व्हती की."

"त्यांना चालवत नाही, काकू."

"मला बी न्हाई चालवत. मी जाते." तिने काठी आपटली. "आन अगदीच व्हईना, तर चार जणांनी उचललं की माणसाला हादरा बसत न्हाई. त्याला येळ हाय आजून."

मुलगा उठला. मी त्याला दारापर्यंत सोडलं आणि सांगितलं, की उंची आहे तीच राहील. पाटी मात्र वडलांनी जिवंतपणी स्वतः येऊन काढावी, पहार मी देतो. माझ्याकडे तीच जुनी आहे.

अजून कोणी आलेलं नाही. पहार मी दाराशी ठेवली आहे.