चार वेढे

जयाबाईंना 'नाही' म्हणायची सोय नसते. म्हणजे तुम्ही खुशाल म्हणा, त्यांना ते ऐकू येत नाही. बाकी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे कान शेतात पडलेला आंबाही हेरतील इतके तिखट आहेत.

त्यांचा मुलगा नागेंद्र आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर आहे. सून सौम्या बँकेत. त्यांची दिपाली दहा वर्षांची, माझ्या भैरवीच्याच वर्गातली. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टीत दोन्ही पोरी माझ्या गळ्यात. गेल्या उन्हाळ्यात सुट्टी लागून पंधरा दिवस झाले आणि मी अगदी मेटाकुटीला आले. कागदकामाचं एक शिबिर करून झालं. तीन दिवसांत भैरवीने सहा फुलं केली आणि तिथल्या एसीतून सर्दी घेऊन आली. नंतर दोघी सोफ्यावर आडव्या, मधे एक मोबाईल.

एप्रिलअखेर जयाबाई कैऱ्यांची पिशवी घेऊन लेकाकडे आल्या होत्या. खडेबाजारात कुणीतरी हातात कोंबलेलं पत्रक मी पोरींना मोठ्याने वाचून दाखवत होते. त्यात 'साहस शिबिर' असं होतं.

"साहस म्हंजे काय करनार?" जयाबाईंनी कैरी सोलता सोलता विचारलं.

"दोरावरून चालवतात, मावशी. खाली गादी असते."

"खाली गादी असली तर साहस कसलं गं? आमची हिर हाय की. पवाय शिकवूया."

भैरवी टुणकन उठून बसली. दिपाली मात्र मान वर न करता म्हणाली, "मी नाही येणार."

त्यालाही कारण होतं. जयाबाईंचे धाकटे दीर जोतिबा यांनी गावातली निम्मी पोरं पोहायला शिकवलीत. त्यांची पद्धत एकच: पोराला उचलायचं, विहिरीत टाकायचं, आपण होऊन वर आलं तर शिकलं, नाहीतर मागून उडी मारून काढायचं. मोठी झालेली पोरं हे हसत सांगतात. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी दिपालीला असंच टाकलं, आणि तेव्हापासून ती पोर डोक्यावरून तांब्याभर पाणी घेतानाही सौम्याचा हात घट्ट धरते. केस धुणं म्हणजे त्या घरात दर रविवारी रडारड.

जयाबाईंनी सुरी खाली ठेवली. "शाळा उघडायच्या आत ही पोरगी हिरीच्या ह्या कडंची त्या कडंला गेली न्हाय, तर माझं नाव जयाबाई न्हाय."

आमच्याकडे कर्नाटकात शाळा मे संपता संपता उघडतात. म्हणजे हातात जेमतेम महिना.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मी दोघींना स्कूटरवर घालून खानापूर रस्त्याला लागले. उद्यमबागेपाशी पहिल्या पाळीची माणसं मोटारसायकलींवरून समोर यायची, त्यांचे डबे हँडलला लटकलेले. तिथून पुढे वीस मिनिटांत जयाबाईंचं शेत. विहीर चौकोनी, काळ्या दगडाची, एकाच अंगाला पायऱ्या. पलीकडच्या भिंतीत पारव्यांची घरटी.

जयाबाईंची तयारी बघण्यासारखी होती. आतून पोकळ झालेले वाळके भोपळे, लहानमोठे, ओळीने मांडलेले. पाठीला भोपळा, कमरेला दोराचा एक वेढा आणि दोराचं दुसरं टोक पायरीवर उभ्या माणसाच्या हातात. जोतिबांना त्यांनी पाण्याच्या पंपाच्या खोलीच्या कट्ट्यावर बसवलं होतं आणि काम ठरवून दिलं होतं. "तोंड बंद, डोळं उघडं. कुनी बुडाय लागलं तरच उडी. न्हायतर पोरीस्नी बोट लावायचं न्हाय." पंचावन्न वर्षांचा तो पैलवान गडी मुकाट मान हलवायचा.

पहिले चार दिवस नुसते पाय पाण्यात सोडून बसायचं. पाचव्या दिवशी कमरेपर्यंत. सारखा एकच धडा: "दोर धरनाऱ्यानं दोर सोडायचा न्हाय. आभाळ कोसळलं तरी न्हाय." मग त्या एकीला पाण्यात सोडत आणि दोर दुसरीच्या हातात देत. दिपाली दोर असा धरायची की बोटं पांढरी पडायची. आपल्याला कुणी फेकलं होतं, तसं आपल्या हातून कुणाचं होऊ नये, असंच तिला वाटत असणार. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात भैरवी भोपळा टाकून पलीकडे जाऊन आली. दिपालीही छान पोहायला लागली होती, पण नारळाएवढा एक भोपळा पाठीला हवाच. त्या भोपळ्याने मांजरही तरंगलं नसतं. तो काढला की मात्र ती पायरीवर बसकण मारायची.

"अगं, तो भोपळा काय करतोय? तूच पवतियास," जयाबाई एकदा वैतागून म्हणाल्या. "उतर गं बया."

"तू ये की मग पाण्यात, आज्जी. तू का नाही कधी येत?"

जयाबाई ओळीतले भोपळे उगीच पुन्हा मांडायला लागल्या. आणि कट्ट्यावरून जोतिबा तीन आठवड्यांची कसर भरून काढल्यासारखे हसले.

"ती काय येतीया! वैनीला पवाय कुठं येतंय? जन्मात गुडघ्याच्या वर पानी लागू दिलं न्हाय तिनं!"

मी जयाबाईंच्या लुगड्याकडे पाहिलं. काठ कोरडा होता. रोजच असायचा, आणि मी आपली त्यांना मोठ्या प्रशिक्षक समजत होते.

माझं डोकं फिरलं. मास्तरणीचा राग आहे, सगळ्या शिवाराने ऐकला असेल. "माझी एकुलती एक पोर मी पोहता न येणाऱ्या बाईच्या हवाली केली? सांगायचं तरी होतंत!"

"सांगिटलं असतं तर तुमी आनलं असतं व्हय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "चाळीस वर्सं ह्या पायरीवर धुनं धुतलंय, टीचर. गडीमानसं पवायची, आमी बघायचं. बायकांनी पान्यात उतरायचं न्हाय, असा आमच्या सासऱ्याचा दंडक. बघून बघून समदं पाठ झालंय. निस्तं अंगाला ठावं न्हाय."

मी भैरवीला ओढत स्कूटरवर बसवलं, दिपालीलाही. संध्याकाळी फोन आला. "रागवा हवं तर. पर उद्या पोरीस्नी घिऊन या. उद्यापासनं मी शिकनार हाय."

मी ठणकावून सांगितलं, नाही. सकाळी सहाला माझी स्कूटर उद्यमबाग ओलांडत होती. त्यांना ऐकू येत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय.

पायरीवर जयाबाई कासोटा घालून उभ्या होत्या, पाठीला सगळ्यांत मोठे दोन भोपळे. ओठ आवळलेले. दोर त्यांनी कुणाच्या हातात दिला असेल? दिपालीच्या.

त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा त्या बाईच्या तोंडून जो आवाज आला, त्याने भिंतीतले पारवे उडाले. पण दुसऱ्या मिनिटाला "हं, पुढचं सांग," म्हणाल्या. आणि दिपाली सांगायला लागली, तीही अगदी आजीच्याच सुरात. "आज्जी, तोंड मिट. पाण्याला मारू नको, ओढ. पाय सुटे सोड. मी आहे ना." शिकवायच्या नादात ती केव्हा केव्हा गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन यायची, पण तेही पाठीला नारळाएवढा भोपळा बांधूनच.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी जयाबाई म्हणाल्या, "आज मी पल्याड जानार. तू हितंच कोरडी ऱ्हा, भोपळा ठेव तिकडं. निस्ता दोर धर." आणि त्यांनी कमरेला दोर गुंडाळायला घेतला. एक वेढा, दोन, तीन, चार. एवढ्या वेढ्यांत म्हैस बांधता आली असती. बिचारी घाबरलीय, असं मला वाटलं.

त्या निघाल्या. हात वेडेवाकडे, पण पुढे पुढे. दिपालीने दोर मनगटाला गुंडाळला होता आणि सैल सोडत होती. विहिरीच्या बरोबर मधे दोर ताठ झाला.

"आज्जी, थांब! दोर संपला!"

जयाबाई थांबल्या नाहीत. दोर ताणला तशी दिपाली एक पायरी उतरली, मग आणखी एक. मग शेवटची. पाणी तिच्या हनुवटीला लागलं. "आज्जी, मागे फिर!" आता तिच्यापुढे दोनच गोष्टी होत्या: दोर सोडायचा, नाहीतर पायरी. कट्ट्यावर जोतिबा उभे राहिले होते, अंगरखा काढलेला. मी भैरवीचा दंड इतका आवळला की ती कळवळली.

दिपालीने पायरी सोडली.

पहिल्यांदा तिचं डोकं पाण्याखाली गेलं. मी किंचाळले. ते वर आलं, तिने एक मोठा श्वास घेतला आणि ती आजीच्या मागे पोहू लागली. दोर गुंडाळलेला हात जरा अडखळत होता, पाय मात्र लयीत चालले होते. आधी जयाबाईंनी पलीकडच्या भिंतीतला दगड धरला आणि आणखी दहा-बारा हात मारून तिनेही. धापा टाकत तिने मागे वळून पाहिलं. नारळाएवढा भोपळा पायरीवर बसला होता.

"जोतिबा आजोबा," ती ओरडली, "मी टाकल्याशिवाय आले!"

जोतिबांनी तोंड बंद ठेवायचं ठरलंच होतं, पण ते अंगरखा उलटा घालत होते आणि सारखे डोळे पुसत होते.

पलीकडे पायऱ्या नव्हत्या. आल्या वाटेनेच परतायचं होतं. मीही रडत होते, पण डोकं ताळ्यावर आलं तसे ते चार वेढे आठवले, आणि मी काठावरून ओरडले, "मावशी, पोरींना एकच वेढा घालत होतात! स्वतःला चार कशाला?"

"एक घातला असता तर दोर पल्याड पुरला असता की!" जयाबाई दगडाला मिठी मारून म्हणाल्या. मग त्या नातीकडे वळल्या. "पोरी, आता माझ्या पायातलं बळ संपलं. लई भ्या वाटतंय बघ. मला माघारी न्हे."

दिपालीने दोर मनगटाला आणखी एकदा गुंडाळला. "तोंड मिट, आज्जी," ती म्हणाली, आणि पुढे निघाली.