कुंकवाखालचा पासवर्ड

शनिवार, तारीख चौदा. सकाळी आठ वाजता घरात हजर: मी, माझा नवरा आणि मधल्या खोलीतल्या पलंगावर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती. गैरहजर: इंटरनेट.

माझ्या कामाच्या वहीत त्या दिवसाचं पान असंच सुरू होतं. त्याखाली पहिलं काम होतं: अकरा वाजता अक्कांचा फोन.

अक्का म्हणजे आत्तींची थोरली बहीण, नेसरीची. वय ब्याऐंशी. त्या दिवशी साडेअकराला बेळगावच्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगून ठेवलं होतं. अक्कांनी एकच मागणं केलं होतं की आत न्यायच्या आधी धाकटीचं तोंड बघायचंय. धाकटी तर श्रावणात न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलेली, तेव्हापासून पलंगावर. त्यामुळे अक्कांचा मुलगा अकराला दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावणार असं ठरलं होतं. आत्ती सहापासून तयार होत्या. माझ्याकडून वेणी घालून घेतली होती, हिरवं पातळ खांद्यावरून नीट घेतलं होतं आणि चष्मा दोनदा पुसायला दिला होता.

आणि घरातलं नेट आदल्या संध्याकाळी मीच बंद पाडलं होतं.

आमचं घर तळमजल्याचं, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले उठलेले. घरात मोबाईलला रेंज येत नाही, साधा फोन करायलाही गच्चीवर जावं लागतं. म्हणून राउटर घेतला आणि त्याला आमच्या पसंतीचा पासवर्ड ठेवला. आत्तींनी काय केलं, तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गूळपाणी द्यावं तसा पासवर्ड दिला. पलंगावरून दुसरं काही देता येत नाही म्हणून असेल. शुक्रवारी संध्याकाळी मी राउटरच्या सेटिंगचं पान उघडून मोजलं तर सतरा फोन जोडलेले होते. घरात माणसं तीन. माझ्या बिलावर अख्खी गल्ली सिनेमे बघत होती आणि माझ्याच नवऱ्याला विचारत होती, ‘दादा, स्पीड कमी का येतंय?’ मला शिसारी आली. मी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. बारा अक्षरं, कुणालाही सुचणार नाहीत अशी. एका चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावली. माझ्या फोनमध्ये घालणार तेवढ्यात लाईट गेली, ती आम्ही झोपलो तरी आली नाही. लाईट जायच्या थोडं आधी समोरची बाई दारात येऊन विचारून गेली, ‘वहिनी, नेट चालंना झालंय?’ मी म्हणाले, ‘बिघडलंय.’

वहीत मी पासवर्ड लिहीत नाही. वही कुणाच्याही हाती पडते, असा माझा नियम.

सकाळी फ्रिजवर लोहचुंबक होतं, चिठ्ठी नव्हती. नवरा सोप्यात खुर्चीवर डोळे मिटून बसला होता. त्याच्या एका सवयीबद्दल लिहिणं मला आवडत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हाताला येईल त्या कागदाची बारीक सुरळी करून तो कान कोरतो. तिकिटं, पत्रिका, औषधाच्या पावत्या, काहीही.

‘अहो, फ्रिजवरची चिठ्ठी?’

‘कुठली?’

‘पांढरी. त्यावर लिहिलेलं होतं.’

‘लिवलं कुठं हुतं? एबीसीडी हुती कायतरी.’

‘कुठंय ती?’

‘डब्यात टाकली की.’

मी डबा अंगणात उपडा केला. चहाचा चोथा, वांग्याची देठं, अंड्याची टरफलं, आदल्या दिवशीची आंबट आमटी. त्यात ती सुरळी सापडली. काडीने उलगडली. एका टोकाला पिवळं मेण, दुसरीकडून आमटी शिरलेली, आणि मधली शाई पसरून निळा डाग. बारापैकी तीन अक्षरं दिसत होती. आजवर मी पोरांचे लंगोट धुतले, आत्तींचं भांडं रोज उचलते, कधी नाक मुरडलं नाही. पण त्या कागदापुढे मला उलटी आली.

‘एवढं हुतं तर वहीत का न्हाय लिवलास?’ नवरा दारातून म्हणाला. ‘दुधाच्या पिशव्या लिवतीस मोजून.’

मी हात धुतले आणि गच्चीवर जाऊन केबलवाल्याला फोन लावला. तो पेठ वडगावला पाहुण्यांच्या साखरपुड्यात होता. मागे बँड वाजत होता आणि ह्याच्या तोंडात तोबरा होता.

‘सोप्पं हाय वहिनी. मागं बारीक भोक असतंय. टाचणी घाला, दहा मोजा. सगळं कोऱ्या मशिनसारखं हुतंय. मग बुडाला पांढरी चिकटपट्टी हाय, त्यावरचा पासवर्ड टाका.’ मग पचकन थुंकल्याचा आवाज, थेट माझ्या कानात. ‘लाईनचं सेटिंग मी हितनं पाठवायला सांगतो. हिरवी लाईट लागली की झालं.’

राउटर टीव्हीच्या कपाटामागे असतो. दिवाळीच्या झाडलोटीत ते कपाट नवऱ्याकडे होतं आणि यादीत त्याने स्वतःच्या हाताने त्या कामावर रेघ मारली होती. मी कपाट ओढलं. मागे पालीची दोन अंडी, वायरींवर तेलकट जळमटं, झुरळांची काळी लेंडी मोहरी सांडल्यासारखी, आणि कधीतरी हरवलेला आत्तींचा दातांचा ब्रश. हात घातला, टाचणी शोधून भोकात घातली, दहा मोजले. सगळे दिवे विझून पुन्हा लागले. मग राउटर उलटा केला.

बुडाला चिकटपट्टी नव्हती, कुंकवाचा थर होता.

मला एकदम खंडेनवमी आठवली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कोयता, शिलाईचं मशीन, गाडी. यंदा आत्तींना उठता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं पलंगापाशी मागवलं होतं. नवऱ्याने हौसेने राउटरही काढून नेला, ‘दिवसभर राबतंय की तेबी’ म्हणत. मी स्वयंपाकात होते. आत्तींनी तो ओल्या फडक्याने पुसला, पालथा घातला आणि पांढऱ्या भागावर, त्यांच्या मते कपाळावर, तेलात कालवलेलं हळदकुंकू लावलं. बोटभर नव्हे, मारुतीला शेंदूर लावतात तसं. महिनाभरात त्या तेलावर धूळ बसली होती, डास चिकटून मेले होते, एका पतंगाचा पंख सरळ उभा होता.

खोबरेल तेल लावून, जुन्या बनियनच्या तुकड्याने मी तो लगदा हळूहळू काढला. कुंकू निघालं आणि त्याबरोबर अक्षरंही निघाली. खाली गुलाबी कागद राहिला.

माझा बारा अक्षरांचा पासवर्ड टाचणीने पुसून टाकला होता, चिकटपट्टीवरचा वाचता येत नव्हता. आधी चिकटपट्टी बघायची, मग टाचणी घालायची, हे पहिलीतल्या पोरीलाही कळलं असतं. इतरांच्या घाणीत हात घालताना मला किळस येत होती. आता स्वतःचीच आली.

‘आत्ती, एवढं कुंकू लावतात होय मशिनला?’ मी ओरडलेच.

‘मग? विळीला लावायचं, त्येला न्हाय?’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘विळीत अक्का दिसती व्हय मला? त्येच्यातच दिसती.’

मी पर्याय मोजले. गच्चीवर फोन ठेवून त्याचं नेट खाली आणायचं, तर आम्ही एकदा करून बघितलं होतं, जिन्यापर्यंतही पोचत नाही. आत्तींना खुर्चीत घालून वर न्यायचं, तर डॉक्टरांनी बसवायचीही मनाई केलेली. शेजारच्यांचं नेट मागायचं, तर शेजारचे आमचंच वापरत होते. सव्वादहा झाले होते.

‘त्या दिवशी समोरचीनं फोटू काढलावता,’ आत्ती म्हणाल्या. ‘पूजा मांडल्याला. बघ जा तिच्याकडं.’

समोरची भाकरी थापत होती. जिला मी कालच दारातून खोटं सांगून परत पाठवलं होतं.

‘या की वहिनी. आज वाट चुकलासा?’

‘तुमच्याकडं खंडेनवमीचा फोटो आहे का? आत्तींच्या पूजेचा?’

‘असंल की. नेट न्हाय नव्हं, दिसतोय का बघतो.’ तिने भाकरी उलटली. ‘तुमचं बिघडल्यालं, दुरुस्त झालं का?’

‘बिघडलं नव्हतं. मी पासवर्ड बदलला.’

‘ठावं हाय. माझ्या फोनवर चुकीचा पासवर्ड म्हणून आलं. बिघाड झाला तर तसं येत न्हाय.’ आणि तवा उतरवत, माझ्याकडे न बघता, ‘आज अक्काचं आपरेशन हाय न्हवं? आत्ती सांगत हुत्या. घ्या, हुडका तुमीच. माझं हात पिठाचं हायेत.’

फोनच्या काचेवर वाळलेलं पीठ आणि तेलाचे अंगठे. मी तो पदराने धरून फोटो चाळत गेले. शेकडो शुभ सकाळ, गुलाबाची फुलं, कुणाच्या तरी म्हशीचा फोटो, कुणाच्या तरी पायाची सुजलेली जखम. प्रत्येक घरातली घाण ह्या एका डबीत साठवलेली. शेवटी खंडेनवमी आली. पाट, विळी, कोयता आणि मधोमध पालथा राउटर, नुकताच पुसलेला, वर एकच बारीक टिकली. आत्तींचं कुंकवाचं बोट पुढच्या टिकलीसाठी आलेलं. मी बोटांनी फोटो ताणला. पासवर्ड सगळाच्या सगळा आकड्यांचा आणि वाचता येत होता. फक्त शेवटचा आकडा झेंडूच्या पाकळीखाली गेला होता.

‘दहाच तर हायेत,’ माझ्या खांद्यावरून बघत समोरची म्हणाली. ‘चला, मी वाचतो, तुमी दाबा.’

ती पिठाच्या हातांनीच आमच्या घरात आली. आत्तींच्या पलंगाच्या कडेला बसून ती आकडे मोठ्याने वाचायची, मी टाकायची. शून्य, चूक. एक, चूक. प्रत्येक वेळी फोन विचार करत बसायचा. चारला फोनच अडकला, बंद करून पुन्हा चालू केला. आत्ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या. सातला फोन जोडला गेला. पण राउटरवरची लाईट लालच होती. नवरा गच्चीवरून केबलवाल्याशी बोलत होता, नव्हे, भांडत होता.

‘आरं लाल हाय अजून! जेव निवांत, पण आधी ते सोड! ए, खाली बघून सांगा गं, लाल हाय का?’

‘लाल!’ आम्ही दोघी.

अकरा वाजले. अकरा वाजून दोन मिनिटं. आत्तींनी चष्मा काढून हातात घेतला. चार मिनिटांनी दिवा हिरवा झाला. मी कॉल लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा अक्कांच्या मुलाने उचलला तेव्हा तो चालत होता. पडद्यावर आधी छताचे दिवे पळाले, मग स्ट्रेचरची दांडी, मग हिरव्या टोपीतला अक्कांचा चेहरा.

‘आक्के,’ आत्ती म्हणाल्या. ‘दिसतोय का मी?’

‘दिसतीस की. केस पांढरं झालं गं तुझं.’

‘तुझं कुठं काळं हायेत? टोपीत लपवलीस व्हय? खाल्लीस काय?’

‘न्हाय गं. रातीपासनं उपाशी ठेवलंय मुडद्यांनी.’

‘भ्याली न्हाईस न्हवं?’

‘न्हाय.’ मग थोडं थांबून, ‘भ्यालो थोडं. तू येतीस का?’

‘येतो की.’

पलीकडून मुलगा म्हणाला, ‘आई, आत घ्यायला लागलेत,’ आणि पुन्हा छत आलं. फोनने सांगितलं, पन्नास सेकंद. समोरची पदराने डोळे पुसत होती, तोंडाला पीठ लागलं होतं. नवरा जिन्यावरून ओरडत उतरला, ‘लागली का हिरवी?’

अक्का टेबलावरून परत आल्या. आता नेसरीला घरी आहेत. ज्या बाईने आठ वेळा माझ्या कानात पासवर्ड वाचला तिच्या फोनमध्ये तो आहेच, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचला असणार. मी मोजायला गेले नाही. कपाटामागची जागा फिनाईलने तीनदा पुसली. नवऱ्यापुढे कानकाड्यांचं पाकीट ठेवलं. तो अजून पत्रिकाच वापरतो.

अक्का फोनवर दर वेळी तेच विचारतात. त्या दिवशी आत्तींनी ‘येतो’ म्हटलं ते त्यांनी मनात धरलंय. डॉक्टरांनी आत्तींना न्यायला परवानगी दिली आहे, पण आडवं झोपवूनच. एक गाडी बघून आले. गादीवर आधीच्या कुणाचे तरी पिवळे डाग होते, खाली वाळलेली लाळ की काय ते, आणि ड्रायव्हर म्हणाला, ‘चादर टाकतो की वर.’ मी परत आले. दुसऱ्या गाडीवाल्याने अजून फोन केलेला नाही.

आजच्या पानावरचं पहिलं काम, कालच्या पानावरून उतरवलेलं: आत्तींना नेसरीला न्यायला स्वच्छ गाडी बघणे.