मामाच्या मांडीवर

घरात आल्याच्या चौथ्या दिवशी माझ्या लेकीने माझ्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त आलं. ओरडले मी, ती नाही. तिने तोंड पुसलं आणि भिंतीशी जाऊन डोकं आपटायला लागली. सावकाश, एका लयीत, कोणी काम नेमून दिल्यासारखी. लालबागच्या आमच्या चाळीतल्या भिंती पातळ. शेजारच्या वहिनी "काय गं, सकाळी सकाळी काय ठोकताय?" म्हणत आल्या आणि दारातच थबकल्या.

ओडिशातल्या एका संस्थेतून आम्ही तिला दत्तक आणलं होतं. कागदावर वय पावणेतीन, दिसायला दीड. भिंत धरून चालायची. एक शब्द बोलत नव्हती. भात ओकेपर्यंत खायची आणि ताट उचललं की तेच ताट फेकून मारायची. एकदा ते नवऱ्याच्या कपाळावर बसलं, दोन टाके पडले. ऑफिसात त्याने कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं.

या सगळ्याचं मला काही वाटत नव्हतं. भीती वाटायची ती तिच्या न रडण्याची. गॅलरीत पडली, गुडघा फुटला, तरी उठून पुढे चालू. कोणाकडे बघायचीसुद्धा नाही. परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन वाढेल, चालेल, बोलेलसुद्धा. ते माझ्यावर सोडा. तुम्ही एवढंच बघा, लागल्यावर ती कोणाला शोधते. तिथे रडून कोणी येत नव्हतं, म्हणून तिने रडणं सोडून दिलंय."

त्यानंतर मी तेवढंच बघत बसले. आणि एका दुपारी तिने आमटीचं पातेलं ओट्यावरून ओढलं, तेव्हा मी तिच्या थोबाडीत दिली. पाचही बोटं उठली. ती खांबाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली. मी मोरीत जाऊन रडले. पोरीवर हात उचलल्याची लाज होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे मी तिच्या रडण्याची वाट बघत होते. ती रडावी म्हणून मी जरा जास्तच जोरात मारलं होतं. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

आठ महिने गेले. ती जिना चढायला लागली, पेला दोन हातांनी धरायला लागली, ताटात दोन घास शिल्लक ठेवायला लागली. शब्द मात्र नव्हते. केस कानापर्यंत आले. रोज सकाळी मी ते विंचरायचे, आणि तेवढा वेळ ती चावायची नाही.

मग सासूबाईंनी जावळाचं काढलं. "जावळ काढूक होया गो. तेच्याशिवाय पोराक वाचा फुटना नाय."

मी म्हटलं, "तिकडे उवा होतात म्हणून सारखा चकोट करत होते. जावळ कधीच गेलं तिचं."

"ता तेंचा. आपल्या घरात, मामाच्या मांडयेर काढूक नको?"

खरं सांगते, मला भुरळ पडली ती त्या 'आपल्या घरात'ची. कोर्टाचा कागद कपाटात होता, पण चाळीत तो कोण बघणार? मामाने मांडीवर घेतलं, चार बायकांनी ओवाळलं की ती आमची, असं मलाही वाटत होतं. आम्ही कोकणातली माणसं, आम्हाला कागदापेक्षा असल्या गोष्टींनी पटतं. मी हो म्हटलं. ही चूक सासूबाईंची नाही, माझी.

माझा धाकटा भाऊ माझगावच्या गोदीत आहे. तो रजा टाकून आला, हिंदमाताहून भाचीला परकर-पोलका घेऊन आला. पाट मांडला, त्याने तिला मांडीवर घेतलं. मी समोर बसून तिची दोन्ही मनगटं धरली, हलू नये म्हणून. न्हाव्याने मशीन सुरू केलं.

आवाज झाला मात्र, तिने आपणहून मान खाली घातली. डोळे मिटले, अंग सैल सोडलं. किती वेळा झालं असेल हे तिच्याबरोबर!

"बघ गो, किती शानी," सासूबाई म्हणाल्या. बायका कौतुकाने हसल्या. तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण बायका जमल्या होत्या, पेढे आले होते, आणि मी तिची मनगटं तशीच धरून ठेवली.

अर्धं डोकं झालं. मग न्हाव्याने वस्तरा घेतला, आणि तो कानामागे लागला. रक्ताची धार पोलक्यावर आली. तिने डोळे उघडले. भावाकडे नाही, न्हाव्याकडे नाही, तिने थेट माझ्याकडे बघितलं आणि हंबरडा फोडला. इतके महिने मी ज्याची वाट बघत होते, तो हा असा आला. मला बोलावत होती ती, आणि तिचे हात धरून मीच बसले होते.

"ताई, सोडू नको! वस्तरा आहे!" भाऊ ओरडला. तिने त्याचा अंगठा चावला. त्याने कळवळून तिच्या पाठीत धपाटा घातला. मी त्याच्या कानशिलात मारली, सगळ्यांसमोर. न्हावी वस्तरा घेऊन मागे सरकला, कुंकवाचं ताट उलटलं, आणि मी तिला ओढून घेतलं.

ती बिलगली वगैरे नाही. तिने मला मारायला सुरुवात केली. ओरबाडलं, केस ओढले, खांद्याला चावली. रडत होती आणि मारत होती. भाऊ सोडवायला आला, तर मी म्हटलं, "लांब हो. मारू दे तिला." एक-एक करत बायका निघून गेल्या. सासूबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसल्या. अर्ध्या डोक्यावर केस, अर्धं उघडं, कानामागे मी दाबून धरलेला पदर, अशी ती माझ्या मांडीवर मला मारत होती. दमली की थांबायची, वर बघून मीच आहे ना याची खात्री करायची, आणि पुन्हा मारायची.