मामांचा हावऱ्या

आमच्या इमारतीत दर रविवारी सकाळी सात वाजता निसर्ग भरतो. म्हणजे अंगणातल्या मोठ्या झाडाखाली सतरंज्या पडतात, अध्यक्ष झाडाचं शास्त्रीय नाव एकदा घोळवून घोळवून उच्चारतात आणि आठ-दहा सुखवस्तू माणसं निसर्ग बघायला डोळे मिटून बसतात. उठताना त्यांना फार शांत वाटत असतं. ती शांतता घराच्या दारापर्यंत तरी पुरते का, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं.

माझे मामा या मंडळात नाहीत. मामा प्लंबर. चाळीस वर्षं लोकांची घाण उपसलेल्या या माणसाच्या मते झाड ही जगातली सर्वांत नालायक जात. पाईपला केसाएवढी भेग दिसली की घुसलंच. आमच्या झाडाला तर त्यांनी हावऱ्या असं नावच ठेवलंय. पाच वर्षांपूर्वी ड्रेनेज तुंबलं तेव्हा कमिटीने त्यांना बोलावलं होतं. त्यानंतर सहा महिन्यांनी मामी गेली. भेटायला आलेल्या नातेवाइकांना घरात तसंच बसवून हे न बोलावता इथे आले आणि चेंबरचं झाकण उचलून कमरेएवढ्या खड्ड्यात उतरले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी यायचे. पाईपात शिरलेली मुळं कापता कापता तोंडाचा पट्टा चालू. "गिळ, गिळ अजून. लाज नाही तुला." मी चहा घेऊन वर काठाशी उभी असायची.

या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मामांची खेप चुकली आणि हावऱ्याने डाव साधला. तळमजल्यावर अध्यक्षांच्या बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी उलटं आलं. कसलं पाणी, ते विचारू नका. संध्याकाळी तातडीची सभा झाली. ज्या झाडाकडून या गृहस्थांना दर रविवारी ऊर्जा मिळत होती, ते मुळासकट काढायचा ठराव त्यांनीच मांडला. "जागा मोकळी झाली की छान कुंड्या ठेवू," म्हणाले. ऊर्जा घेणारे सगळे हात पटापट वर झाले.

मी मामांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी काठी टेकत आले आणि थेट अध्यक्षांसमोर उभे राहिले.

"झाड कापू नका. चिनी मातीचा जुना पाईप आहे, त्याचे जॉइंट सुटलेत. प्लास्टिकचा टाकून देतो. मूळ शिरणार नाही."

"नक्की? परत त्रास नको आम्हाला."

"नाही होणार. माझंही काम नाही पडणार परत."

दोन दिवस लागले. खड्ड्यात उतरताना गुडघ्यातून कळ यायची, तेव्हा शिव्या झाडाला. जुन्या पाईपातून त्यांनी हातभर लांबीचा मुळांचा गुच्छ ओढून काढला आणि बादलीत धुवायला घेतला, म्हाताऱ्या माणसाची दाढी धुवावी तसा.

मी विचारलं, "मामा, इतका सोपा उपाय होता, तर आधीच का नाही केलात?"

"मग यायला कारण काय राहिलं असतं गं?" ते धूतच राहिले. "तुझी मामी गेली तेव्हा जो तो म्हणायचा, धीर धरा. कसा धरायचा, ते एकाने सांगितलं नाही. इथे झाकण उघडलं, तर सहा महिन्यांपूर्वी मी छाटलेलं हे मूळ त्याच भेगेतून परत आत. म्हटलं, हा बेशरम जगतोय, तर मला काय धाड भरलीय?"

नाक मुरडण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या दिवशी मला रडू आलं.

झाड वाचलं. सहा महिन्यांनी एका रविवारी मामा हत्यारांची पिशवी घेऊन आले. चेंबर उघडायचं काही कारणच उरलं नव्हतं, म्हणून त्याच्या झाकणावर टेकले. अध्यक्षांनी एक डोळा उघडला.

"जरा तिकडे बसता का? आमची एकाग्रता भंग पावते."

मामा उठून झाडापाशी गेले. मी चहाचा कप घेऊन पोचले तेव्हा ते खोडावर हात ठेवून हळूच सांगत होते, "पाईप चांगला टाकलाय मी. तरी बघ, सापडते का कुठे एखादी भेग."