चुन्याच्या रेघेपलीकडं

"तुझं पाणी नदीत नको. तिकडं वत. चुन्याच्या पलीकडं."

गुरुजी असं म्हणाले तेव्हा माझ्या हातात जर्मलचा, ॲल्युमिनियमचा तांब्या होता. काठोकाठ भरलेला. घरापासून शाळेपर्यंत दोन्ही हातांनी छातीशी धरून आणलेला. वाटेत ठेच लागली, अंगठ्यातून रक्त आलं, पण पाणी सांडू दिलं नव्हतं. सगळा वर्ग मैदानात गोल करून उभा होता. मध्ये आमचा जिल्हा होता. मातीचा.

तिसरीत होते मी. लातूर नवीनच जिल्हा झालेला. तोवर आम्ही उस्मानाबादचे. तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकवतात आणि आमच्या पुस्तकात अजून जुनाच जिल्हा होता. गुरुजी म्हणाले, पुस्तक येईल तेव्हा येईल, आपण आपला जिल्हा आपल्या हातानं करू. सुट्टी लागायच्या आधी नव्या जिल्ह्याचे साहेब शाळा बघायला येणार होते. त्यांना दाखवायचा होता.

गुरुजी तिला नाताळची सुट्टी म्हणायचे. गावात नाताळ कुणाला माहीत? आमच्याकडं ती येळवशीची, वेळा अमावस्येची सुट्टी. त्या अवसेला सगळं गाव रानात जेवायला जातं. रान असलेला आपल्या रानात, नसलेला दुसऱ्याच्या बांधावर. आम्ही बांधावरचे. पण त्या साली रान असून नसून सारखंच होतं. पाऊस पोळ्याआधीच तोंड फिरवून गेला होता. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि उभ्या जागी वाळली. बाप उचल घेऊन ऊसतोडीला गेलेला. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची.

मला मात्र त्या दिवसांत शाळा फार आवडत होती. खोटं कशाला बोलू? घरी काय होतं? शाळेत जिल्हा होता.

गुरुजींनी काठीनं जमिनीवर आखून दिलं आणि आम्ही कामाला लागलो. काळी माती आणायची ती वाड्यातल्या पोरींनी. वाडा म्हणजे आमचा, बौद्धांचा, गावाच्या खालच्या अंगाला. टोपल्याच्या टोपल्या आणल्या. शाळेच्या रांजणातलं पाणी वरची पोरं घालायची आणि आम्ही पायांनी चिखल तुडवायचो. त्याला कुणाची ना नव्हती. शनिवारी वर्ग सारवायला शेण आम्हीच कालवायचो, त्यालाही ना नव्हती. विटाळाचं शास्त्र मोठं सोयीचं असतं. जिथं कंबर मोडते तिथं विटाळ लागत नाही.

बालाघाटाचे डोंगर झाले. उदगीरचा किल्ला झाला. काडीपेटीच्या एस.टी. गाड्या झाल्या, अहमदपूरच्या स्टँडवर उभ्या केल्या. नद्यांसाठी ओल्या मातीत खोल रेघा काढायच्या होत्या. गुरुजी म्हणाले, "मन्याड कोण काढतं?" मन्याड म्हणजे आमच्या गावाची नदी. मी हात वर केला. बोटानं रेघ ओढत नेली, वळणं घेत, आमच्या गावाजवळून थेट जिल्ह्याच्या कडेपर्यंत. कडेला चुन्याची पांढरी हद्द आखलेली. त्याच्या पलीकडं नांदेड जिल्हा. म्हणजे पलीकडं काहीच नव्हतं, नुसतं मैदान, पोरांच्या चपला काढून ठेवायची जागा.

"छान काढलीस गं," गुरुजी म्हणाले. मी दिवसभर तेच डोक्यात घेऊन फिरले.

गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला कधी शिवी दिली नाही. शिवी देणाऱ्याचा निदान राग तरी येतो. चांगल्या माणसानं खाली ढकललं की आपलाच पाय घसरला असं वाटत राहतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी गुरुजींच्या मनात आलं की नद्यांत खरं पाणी सोडायचं. दुष्काळात! पण आम्हा पोरांना ते फार भारी वाटलं. रांजण तर कोरडा पडत आलेला. गुरुजी म्हणाले, "उद्या प्रत्येकानं घरून एकेक तांब्या पाणी आणायचं. आपापल्या हातानं नदीत सोडायचं."

प्रत्येकानं म्हणाले. आपापल्या हातानं म्हणाले. मी नीट ऐकलं होतं.

गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता. कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. त्या साली विहिरीचाच तळ दिसत होता, ओतणार कोण? वाड्याला मन्याडच्या वाळूतला झिरा होता. वाळूत हातानं खड्डा खणायचा, त्यात पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं, मग वाटीनं भरून घ्यायचं. माय खडीवरून यायची, हाताला फोड आलेले, तशीच झिऱ्यावर जाऊन बसायची.

मी तांब्याभर पाणी मागितलं तेव्हा तिनं आधी घागरीत डोकावून बघितलं.

"कशाला गं?"

"मन्याडला सोडायचंय. गुरुजीनं सांगितलंय. समद्यांनी आनायचंय."

"समद्यांनी? तुला बी म्हनलेत?"

"हाव. समद्यांनी."

माय चुलीपाशी गेली. मग तांब्या घेतला आणि राखेनं घासला. इतका घासला की आरशागत झाला. सकाळी तो भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सांडू नको. आपल्या गावापाशी वत."

तिला काय वाटलं असेल? आता मला कळतं. तिच्या पोरीच्या हातचं पाणी शाळेत, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या पाण्यात मिसळणार होतं. तिच्या उभ्या जन्मात असं कधी झालं नव्हतं.

शाळेत पोचले तर रांग लागलेली. एकेक जण जाऊन पाणी सोडत होता. माझ्या पुढं दिगंबर होता, सरपंचाचा पोरगा. त्यानं त्याची पितळी कळशी मन्याडमध्ये ओतली, मागं वळला, माझ्या तांब्याकडं बघितलं आणि तिथूनच ओरडला:

"गुरुजी, हिनं पानी वतलं तर आबा नारळ फोडायचे न्हाईत बगा!"

सरपंचांच्या हातून नदीची पूजा व्हायची होती. हे मला माहीत नव्हतं.

रांग थांबली. गुरुजींनी दिगंबरकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"तू जरा बाजूला थांब," म्हणाले.

थांबले. मला वाटलं, शेवटी बोलावतील. माझ्यासारखी मूर्ख मीच. वाड्यातल्या बाकीच्या पोरींनी पाणी आणलंच नव्हतं. त्यांना आपोआप कळलं होतं, मला कळलं नव्हतं. मी आपली तांब्या धरून उभी.

आणि मग एक गंमत झाली. सगळ्यांचं पाणी सोडून झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत नद्या आटायला लागल्या. दुष्काळातली काळी माती ती. आत कोरडी ठाक, पाणी गटागट प्यायली. मांजरा गेली. तेरणा गेली. मन्याडमध्ये नुसता चिखल राहिला. साहेबांचा पत्ता नव्हता. गुरुजींचा चेहरा उतरला.

"अरे पळा! कुनाच्या घरी असंल तर आना पानी!"

पोरं पळाली आणि तशीच परत आली. कुणाच्या घरात दुसरा तांब्या द्यायला पाणी होतं?

सगळ्या मैदानात पाणी एकाच भांड्यात होतं. माझ्या हातात. आणि ते पाणी मन्याडचंच होतं. बाकीच्यांनी विहिरीचं आणलेलं, माझं मात्र नदीच्या पोटातलं, मायनं वाटी वाटीनं काढलेलं. मी पुढं झाले. आता तरी घेतील. आता गरज आहे.

गुरुजींनी तांब्याकडं बघितलं. खरंच बघितलं. त्यांचा हात जरा पुढं आला असं मला अजून वाटतं. तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. पोरं ओरडली, "साहेब यायलेत! आबा बी हायत!"

तेव्हा गुरुजी ते बोलले. तुझं पाणी नदीत नको. तिकडं वत, चुन्याच्या पलीकडं. वर हसायचा प्रयत्न करून म्हणाले, "मन्याड जाती की तिकडंच, नांदेडला. वत लौकर."

पोरं खो खो हसली.

मी काय करणार होते? तिसरीतली पोर. मी ओतलं. माझ्याच हातानं ओतलं, याचा राग अजून जात नाही. पाणी मैदानातून घरंगळत चपलांपर्यंत गेलं. कुणीतरी किंचाळलं, "ए, माझी चप्पल भिजली! लांब ठिव रे ती!"

साहेब आले. जिल्हा बघितला. कोरड्या नद्या बघितल्या आणि म्हणाले, "वा! दुष्काळ अगदी हुबेहूब दाखवलाय." सगळे हसले. गुरुजी सगळ्यात मोठ्यानं हसले. सरपंचांनी मन्याडच्या काठावर नारळ फोडला. साहेबांसमोर नदीत तेवढंच पाणी पडलं.

साहेबांना माझ्या हातातला रिकामा तांब्या दिसला. "तू पण पाणी आणलंस का बाळ?"

मी तोंड उघडलं. गुरुजी माझ्या आधी बोलले. "तिनं माती आणली साहेब. लई कष्टाळू पोरगी."

साहेबांनी मान डोलावली. मीही मान डोलावली.

घरी माय दारातच होती. मी तांब्या तिच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर शाळेत जाऊन भांडेल. तिनं तसलं काही केलं नाही. तांब्या उचलून आत बघितलं.

"समदं वतलंस?"

"हाव."

"घोटभर बी ठिवलं न्हाईस?"

"न्हाई."

ती तांब्या हातात धरून बसली. मग म्हणाली, "पुन्ना कुनी वत म्हनलं तर वतू नको. तितंच पिऊन टाक. त्येंच्या म्होरं."

एवढं बोलून घागर उचलली आणि झिऱ्याकडं गेली.

सुट्टीत येळवस आली. माय सरपंचाच्या बांधावर गेली, जावंच लागायचं, एरवी कामाचं ठिकाण ते. मला चल म्हणाली नाही. मी घरीच बसले. पोटात कावळे ओरडत होते, तरी बसले.

शाळा उघडली तेव्हा जिल्ह्याला भेगा पडल्या होत्या. किल्ला ढासळलेला, काडीपेट्या कुणी पळवलेल्या. पुढं सव्वीस जानेवारी, मैदान मोकळं पाहिजे. गुरुजी म्हणाले, "वाड्यातल्या पोरींनो, टोपली घ्या. ही माती नदीत नेऊन टाका."

बाकीच्या पोरींनी टोपल्या घेतल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. घाबरलेलं माणूस कसं असतं ते मला ठाऊक आहे, मी तेच होते. माझे पाय तेव्हाही लटपटत होते.

"मी न्हाई उचलनार," मी म्हणाले.

"काय?"

"ज्येंचं पानी नदीत चाललं, त्येन्ला उचलू द्या माती."

माझा आवाज चिरका आला. पण ऐकू गेला. गुरुजींनी छडी आणायला दिगंबरलाच पाठवलं. तळहातावर मारली, मग दुसऱ्या तळहातावर. आणि त्या फुटक्या जिल्ह्याशेजारी उन्हात उभं केलं. "माती उचलीपर्यंत हलायचं न्हाई."

पोरी माती नेत राहिल्या. मी उभी राहिले. माझ्याऐवजी त्यांच्या टोपल्या जड झाल्या, हेही मला दिसत होतं. कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. घसा वाळून गेला. मागच्या वेळी उभी होते तशीच एकटी.

पण त्या दिवशी मी तांब्या भरून आणला होता. दप्तराशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला. चालत गेले, उचलला, परत त्याच जागी आले. छड्यांनी हात सुजले होते, नीट धरता येत नव्हता.

"ए, काय करायलीस? ठिव ते खाली," गुरुजी म्हणाले.

मी तांब्या तोंडाला लावला आणि प्यायले. गुरुजींसमोर, दिगंबरसमोर, सगळ्या वर्गासमोर. सगळं प्यायले. मन्याडचं पाणी होतं ते, वाळूचा वास असलेलं. जमिनीला थेंब मिळू दिला नाही.

पुन्हा छड्या बसल्या. माती काही मी उचलली नाही.

आता मी सरकारी नोकरीत आहे. जिल्ह्याच्या गावी कार्यक्रम असतात, मलाही बोलावणं येतं. मी पुढच्या खुर्चीवर बसले की कुणीतरी येतं, गोड बोलणारं, कष्टाळू म्हणून माझं कौतुक करणारं. कानाशी वाकून म्हणतं, "मॅडम, जरा तिकडं बसता का? मोठी मंडळी यायची आहेत."

चुना आता कुणी ओढत नाही. रेघ कुठं आहे ते मला बरोबर कळतं.

मी उठत नाही. ते पुन्हा सांगतात, मी पुन्हा उठत नाही. आजूबाजूचे हसतात, कुजबुजतात, माझे पाय अजूनही लटपटतात. लटपटू देत.

एकदा ओतलं होतं मी. ते शेवटचं.