तीन दगडांतला एक

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि चंद्राबाई गोठ्यातलं शेण पाटीत भरत होत्या. मागच्या खोलीचं दार त्यांना उघडं दिसलं. पाहुणी आत नव्हती, दारात तिच्या चपलाही नव्हत्या. चंद्राबाईंनी पाटी खाली ठेवली आणि आधी तांदळाच्या खोलीला कुलूप आहे का ते पाहिलं. होतं.

रिहे गावातल्या घरामागची ती खोली त्यांच्या मुलाने, रोहितने बांधली. तो हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो. गाव बघायला माणसं पैसे देतात, हे त्याला गाडीतल्या गप्पांतून कळलं. तेव्हापासून पाहुणे येतात, दोन दिवस राहतात, भाकरी थापून बघतात, म्हशीबरोबर फोटो काढतात आणि जातात. चंद्राबाईंनी त्यांतल्या एकावरही पुरता विश्वास ठेवलेला नाही. पैसे देऊन दुसऱ्याचं शेण उचलणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतंच, असं त्यांचं मत आहे. मुळशीत जो जो हसत शिवारात शिरला, त्याचं बोलणं शेवटी जमिनीवर आलं, हे त्यांनी लग्न होऊन आल्यापासून पाहिलंय.

आताची पाहुणी पोलंडची. नाव यादविगा. पहिल्याच संध्याकाळी चंद्राबाईंनी तिची यादवबाई करून टाकली. तिला घेऊन आलेला शैलेश भूगावचा. परदेशी माणसांना दोन दिवस गावकऱ्यांसारखं राहायला नेणं हा त्याचा धंदा. तिचं इंग्रजी तो मराठीत सांगायचा, आणि चंद्राबाईंना खटकत होता तो तोच. काल संध्याकाळी तो फोन हातात धरून बांधावरून फिरत होता.

"मावशी, तुमचं खाचर कुठपर्यंत आहे?"

"तुला कशाला?"

"मला नाही, मॅडम विचारतायत."

"मॅडम पोलंडात भात लावणार हायेत व्हय?"

शैलेश हसला. चंद्राबाई हसल्या नाहीत, कारण जमिनीची सरकारी मोजणी दोन दिवसांवर आली होती.

त्यांच्या भातखाचराला लागून चुलत दीर जयसिंग यांची जमीन आहे. ती एका फार्महाऊसवाल्याला द्यायचं चाललंय. वहिनीचा बांध आपल्यात सरकलाय असं म्हणून जयसिंग यांनी मोजणी मागवली. दोन्ही बांध मिळतात त्या कोपऱ्यावर चंद्राबाईंच्या सासऱ्यांनी पुरलेला दगड होता. दिवाळीला घराला चुना दिला की उरलेला चुना त्या दगडाला द्यायचा, हा चंद्राबाईंचा दरवर्षीचा नेम. मशीन आता आभाळातून मोजतं, असं रोहित सांगतो. पण वहिवाट कुठवर, ते जमिनीवर उभं राहून दाखवावं लागतं, आणि दाखवायला त्यांच्याकडे तो एक दगड होता. तो गेला तर कोपऱ्यातल्या पट्टीवर बोट ठेवता येणार नव्हतं, आणि ओढ्याचं पाणी त्याच पट्टीतून खाचरात येतं.

पाहुणीला शोधत त्या खाचराकडे गेल्या. भात कापून झालेलं, रान मोकळं. कोपऱ्यावर खड्डा होता. आत ओली माती, भोवतीच्या गवतावर चुन्याच्या कपच्या. दगड नव्हता.

शैलेश नळावर दात घासत होता.

"दगड कुटाय?"

"कसला दगड, मावशी?"

"काल ज्याचा फोटो काढत व्हतास त्यो."

"मी सूर्यास्ताचा काढला."

"सूर्य तिकडं मावळतो. तू इकडं तोंड करून उबा व्हतास."

शैलेशच्या तोंडात फेस होता. तो थुंकून म्हणाला, "बांध छान दिसत होता, म्हणून." चंद्राबाईंची खात्रीच पटली. बांध छान दिसतो असं जमिनीचा एजंट सोडून कुणी म्हणत नाही.

पलीकडे जयसिंग म्हशीला पेंढा टाकत होते.

"भाऊजी, कोपऱ्यावरचा दगड कुटं गेला?"

"मला काय ठावं? म्या आत्ता उटतोय. घरात परदेशी पाव्हणं ठेवायचं आन् इचारायचं मला! पासपोर्ट तपासा त्यांचं, वहिनी."

त्यांच्या पायजम्याला ओला चिखल लागला होता. चंद्राबाईंना तो दिसला, पण त्यांच्या डोक्यात शैलेश घट्ट बसला होता.

तेवढ्यात पेंढ्यांच्या उडवीमागून धूर आला. चंद्राबाई धावल्या. मागून तोंड पुसत शैलेश धावला.

उडवीपासून बऱ्याच अंतरावर यादविगा उकिडवी बसली होती. तीन दगड मांडून तिने चूल पेटवली होती, वर चहाचं पातेलं. तिचे तळवे पांढरे झाले होते. "मावशी, चहा!" ती म्हणाली. तिन्हींतला एक दगड बाहेरून चुन्याचा पांढरा होता, आतून नुकता काळा होत होता.

"हे हिला कुणी शिकवलं?"

"मीच बोललो होतो," शैलेश म्हणाला. "गावाकडे तीन दगडांची चूल असते म्हणून."

"कालपासून चा पितोयस त्यो कशावर झाला? गॅसवरच ना? आन् ह्योच दगड का? सगळं रान दगडांचं हाय!"

शैलेशने विचारलं. यादविगाने हात पुसून फोन काढला. "काका," ती शिकलेल्या मराठीत म्हणाली. "काका खूप चांगले."

फोटोत जयसिंग होते. पहारीवर रेललेले, सगळे दात दाखवत. दगड अर्धा मातीत, अर्धा बाहेर. मागे चंद्राबाईंचा आंबा आणि ओढ्याचं वळण स्वच्छ दिसत होतं.

"दोन दगड तिला ओढ्यात मिळाले," शैलेश सांगू लागला. "तिसरा शोधत होती, तर काका स्वतःहून आले. हा चांगला सपाट आहे म्हणून खुणेने दाखवला, उपटला, इथवर आणूनही दिला. ती म्हणते, इथली माणसं न सांगता मदत करतात."

चंद्राबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. "ह्यो रोहितच्या फोनवर टाक. आत्ता. माज्यासमोर."

जयसिंग बांधापर्यंत आले होते. "वहिनी, पाव्हणीला दगड पायजे व्हता, दिला. पाव्हण्याला न्हाई म्हणायची रीत हाय का आपली?"

"मगाशी तर तुमी आत्ता उटला व्हता."

"व्हय, म्हंजी..."

"आन् तुमच्या बांधाला दगड न्हाईत व्हय?"

जयसिंग म्हशीकडे गेले.

चहा पिऊन झाल्यावर शैलेशने आणि यादविगाने दगड उचलून नेला. फोटो समोर धरून चंद्राबाईंनी तो आंब्याच्या रेषेत बसवून घेतला आणि भोवती माती चोपली. काजळी पुसू दिली नाही.

"तुमची गाडी कवा हाय?"

"उद्या नऊला, मावशी."

"हिला सांग, गावच्यासारखं ऱ्हायाचंय ना? गावची माणसं उद्या बांधावर उबी ऱ्हाणार हायेत. हिनंबी ऱ्हावं. दगड कुणी काढला, कुटनं काढला, ते मोजणीच्या सायबाला सांगावं."

शैलेशने सांगितलं. यादविगाने आनंदाने टाळी वाजवली.

"एवढं हसायला काय झालं हिला?" चंद्राबाईंनी विचारलं. घरात जाऊन त्यांनी तांदळाच्या खोलीचं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं.

मोजणी उद्या सकाळी अकराला आहे. शैलेशची गाडी नऊऐवजी दुपारी दोनला सुटेल.